पंख उघडलेला फोटो

दुधाची बाटली ठेवायला म्हणून तिने डॉक्टरांचा फ्रीज उघडला, आणि खालच्या कप्प्यात, लोण्याच्या डब्याला टेकवून ठेवलेल्या कवळीच्या डबीत तिला निळी दिसली. आधी ती निळी वाटलीच नाही. दातांच्या डॉक्टरांच्या घरात कवळीची डबी असायचीच, असं मनाने सवयीने म्हणून टाकलं. बूड फिकट गुलाबी, झाकण आरपार, आणि आत ओल्या कापसावर राखाडी कागदाचे तीन कपटे कुणीतरी उभे करून ठेवलेले. मग त्यातल्या एका कपट्याला पाय असल्याचं दिसलं. मग मिशी. ती मिशी हलली, निदान हललीशी वाटली, आणि तिच्या तळपायापासून काहीतरी वर चढायला लागलं. फ्रीजची गार हवा तोंडावर येत होती, छातीशी बांधलेलं बाळ झोपेतच ओठ चोखत होतं, बाहेरच्या खोलीत रविवारची मंडळी कुठल्याशा फोटोला "वा!" म्हणत होती, आणि ती एका हातात बाटली धरून तशीच वाकून राहिली. मिटलेल्या पंखांची बाहेरची बाजू राखाडी, तिच्यावर काळ्या ठिपक्यांची वाकडी ओळ, आणि मागच्या पंखाच्या टोकाला एक शेंदरी कोर. साध्या निळीला, या चिमुकल्या फुलपाखराला, ती कोर नसते. ही कोरवाली निळी या भागात आहे हे दोनच माणसांना ठाऊक होतं, आणि त्यातल्या एकाने दुसरीला सांगितलं होतं की तुम्हाला भास झाला.

बाळ झालं त्या वर्षी घर तिच्या अंगावर यायला लागलं होतं. भिंती बिचाऱ्या जागच्या जागीच होत्या. अंगावर यायची ती माणसांची वाक्यं. सासूबाई दारातून जाता जाता म्हणायच्या, "बाळ रडतंय, आईचं लक्ष कुठं असतं कोण जाणे." नवरा लिफ्टची देखभाल करायचा, दिवसभर लोकांच्या इमारतींतून वरखाली करून यायचा आणि बूट काढता काढता सांगायचा, "अगं, बाळ झोपलं की आपणही झोपायचं. सोप्पं आहे." त्याला सगळंच बटण दाबण्याइतकं सोपं वाटायचं, आणि तो वाईट नव्हता, हाच तर वैताग होता. एका सकाळी बाळाला छातीशी बांधून ती औषधं आणायला म्हणून निघाली आणि बसमधून उतरलीच नाही. शेवटच्या थांब्यावर कंडक्टर म्हणाला, "ताई, याच्यापुढे बस जात नाही, आता उतरावंच लागेल." म्हणून ती उतरली. पुढे बंद पडलेली वीटभट्टी होती, दार नसलेलं पंपघर होतं, आणि त्याच्यामागे कुणाच्याही कामाचा नसलेला एक उतार. उन्हाळा नुकता लागला होता. गवत वाळून बिस्किटाच्या रंगाचं झालं होतं, काटेरी झुडपांना जांभळी बोंडं आली होती, आणि चालताना बाळाच्या मोज्यांना कुसळं चिकटत होती. ती एका सपाट दगडावर बसून बाळाला पाजायला लागली. इकडेतिकडे बघून पदर सारखा करायची गरज नव्हती, हे तिच्या खूप उशिरा लक्षात आलं, आणि त्याच वेळी पायाच्या अंगठ्यापाशी गवताचा एक कण उठला, निळा झाला, आणि पुन्हा बसून राखाडी झाला. बाळ पीत होतं. तिने श्वास रोखला. कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच तिने स्वतःहून श्वास रोखला होता; एरवी तो आपोआपच अडकायचा.

मग ती जातच राहिली. नवऱ्याचा जुना कॅमेरा तिने कपाटातून काढला. घाई करता येत नव्हती, कारण गळ्यात बाळ होतं. पटकन वाकता येत नव्हतं, मागे धावता येत नव्हतं, आणि मग कळलं की फुलपाखरांसाठी हीच चाल बरोबर आहे. सावली त्यांच्यावर पडू द्यायची नाही. वाऱ्याकडे पाठ करून बाळाचं डोकं झाकायचं आणि मग समोरचं बोंड हलायचं थांबेपर्यंत थांबायचं. नावं ठाऊक नव्हती तेव्हा तिने आपलीच ठेवली. एक तपकिरी फुलपाखरू होतं, त्याला ती चहाचा डाग म्हणायची. तारेवर बसून शेपटी आपटणारा पक्षी, तो रागीट. झुडपात लपून तोच प्रश्न दोनदा करणारा, तो विचारणारा. संध्याकाळी बाळाला आंघोळ घालताना ती त्याला सगळं सांगायची, "आज रागीट भेटला, तो आजपण रागावलेलाच होता," आणि बाळ पाण्यावर हात आपटून हसायचं. सासूबाई म्हणायच्या, "काय बोलत असते त्याच्याशी देव जाणे." पण त्या सुद्धा दारात उभ्या राहून ऐकायच्या, हे तिला माहीत होतं.

खरी नावं हवीत असं वाटायला लागलं तेव्हा कुणीतरी तिला रविवारच्या मंडळींचा पत्ता दिला. दर रविवारी सकाळी शहराबाहेर जाऊन फुलपाखरं आणि पक्षी टिपणारी, आणि मग आठवडाभर फोनवर त्यांची ओळख पटवत बसणारी दहाबारा माणसं. त्यांचे म्होरके हे दातांचे डॉक्टर. उंच, स्वच्छ हातांचे, आणि बोलायला असे मऊ की दात उपटून हातात ठेवला तरी माणसाने आभार मानावेत. पहिल्याच रविवारी कुणीतरी तिला 'आईसाहेब' म्हणालं, आणि तेच तिचं नाव पडलं. "आईसाहेब, बाळ रडणार नाही ना? नाहीतर पक्षी उडायचे." "आईसाहेब, तुम्ही मागून या हळूहळू." घारवाले काका नावाचे एक गृहस्थ होते, निवृत्त स्टेशनमास्तर, त्यांना आकाशात उडणारं काहीही घारच वाटायचं, एकदा त्यांनी पतंगालाही घार म्हटलं होतं. पण त्यांना कुणी मागून यायला सांगत नसे. डॉक्टर मात्र तिच्याशी नीट बोलायचे. त्यांनीच तिला निळ्या शिकवल्या. त्यांचंच ते वाक्य होतं, जे ती घरी येऊन नवऱ्याला कौतुकाने ऐकवायची: "आपण इथे पाहुणे. पाहुण्याने घरातल्या वस्तूला हात लावायचा नाही."

हात लावायचा नाही. ती डबीकडे बघत होती. फ्रीज फार वेळ उघडा राहिला म्हणून आता तो बारीक आवाजात टीं टीं करायला लागला होता. निळ्या बहुतेक वेळ पंख मिटूनच बसतात, हे त्यांनीच तिला शिकवलं होतं. वरची निळाई बघायला मिळते ती उडताना नुसती झळक, किंवा सकाळच्या कोवळ्या उन्हात, रात्रभर गारठलेलं अंग शेकायला त्या पंख पसरतात तेव्हा. तेवढ्या थोड्या वेळात माणूस तिथे असावा लागतो, ऊन असावं लागतं, वारा नसावा लागतो. डॉक्टरांचे सगळे फोटो पंख उघडलेले असायचे. भर दुपारचे सुद्धा. लोक विचारायचे, कसं जमतं हो तुम्हाला? ते हसून म्हणायचे, "सबुरी." आणि तिने, झोप नाही, अंघोळ धड नाही, वेणीत बाळाची लाळ वाळलेली, अशा अवस्थेत तिने ती सबुरी स्वतःला लावून घेतली होती. आपल्यात ती कमी पडते असं मानून पहाटेची पहिली बस पकडली होती. डॉक्टरांच्या एका फोटोतलं फुलपाखरू ज्या फुलावर बसलं होतं ते फूल त्या बाजूला उगवतच नाही, हे तिला तेव्हाच दिसलं होतं. दुसऱ्या एका फोटोत दुपारच्या उन्हात दवाचे थेंब होते. आणि विचारणारा, तो झुडपातला लाजरा पक्षी, डॉक्टरांच्या पायाशी येऊन पिसं फुलवून, अंग ताठ करून गोल गोल फिरायला लागला होता, तेव्हा सगळे म्हणाले होते, काय ओळख आहे बघा. डॉक्टरांच्या खिशातून तोच प्रश्न दोनदा, दोनदा येत होता. यंत्रातून. मोसम पिलांचा होता. तो पक्षी घरट्यातली पिलं टाकून, नसलेल्या शत्रूशी भांडायला आला होता, जिवाच्या आकांताने, आणि ती तिथे छातीशी बाळ बांधून उभी होती आणि टाळ्या वाजवत होती. हे सगळं तिला दिसलं होतं. दिसलेलं सगळं तिने नीट घडी घालून बाजूला ठेवलं होतं, कारण डॉक्टर तिच्याशी चांगले बोलायचे. चांगलं बोलणारी माणसं तिला तेव्हा इतकी कमी भेटत होती!

कोरवाली निळी तिला उतारावर सापडली ती उन्हाळा अगदी कलला तेव्हा. पंपघराच्या मागच्या एका काटेरी पट्ट्यातच होती, अंगणाएवढ्या जागेत, बाकी कुठेही नाही. तिने फोटो पाठवला. डॉक्टरांचा लगेच फोन आला, नेहमीपेक्षाही मऊ आवाजात. "जागा कुठली म्हणालात?" मंडळींत जागा एकमेकांना सांगायची पद्धत नव्हती; गर्दी होते, तुडवातुडव होते. जागा फक्त डॉक्टरांना सांगायची, ते स्वतः जाऊन खात्री करायचे, मगच नाव द्यायचे. तिने सांगितली. पंपघर सांगितलं, सपाट दगड सांगितला, दगडावर बसून बाळाला पाजते हे सुद्धा आनंदाच्या भरात सांगून टाकलं. मग काही दिवस काहीच नाही. मग सगळ्यांच्या समोर, रविवारी, ते म्हणाले, "आईसाहेब, जाऊन आलो बरं का मी. दोनदा गेलो. साधी निळी आहे हो ती."

"पण ती कोर, डॉक्टर? शेंदरी?"

"तुमचा फोटो हललाय. साहजिक आहे, गळ्यात बाळ असतं. उजेडाचा भास होतो असा. पंख उघडलेला फोटो आणा, मग बघू. नाही का?"

"नाहीतर बाळानेच शेंदरी काहीतरी लावलं असेल लेन्सला," घारवाले काका म्हणाले, आणि सगळे हसले, आणि ती पण हसली. ते हसू आत्ता तिच्या तोंडात कडू झालं. त्या रात्री तिने नवऱ्याला म्हटलं होतं, मला खरंच दिसली होती रे कोर. तो म्हणाला, "असेल ना. पण झोप नाहीये तुला, हेही खरंय." स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास माणसाचा असा एका वाक्यात जातो. त्यानंतर बाळाच्या अंगावर पुरळ दिसलं तरी ती आधी दुसऱ्या कुणाला तरी विचारायची, तुम्हाला दिसतंय का? दूध नासलंय की मलाच वास येतोय? आणि ते पुरळ पुरळच असायचं, दूध नासलेलंच असायचं.

"अगं, फ्रीज किती वेळ उघडा!" डॉक्टरांच्या बायकोने मागून येऊन म्हटलं. मंडळी त्यांना वहिनी म्हणायची. हातात चहाच्या रिकाम्या कपांचा ट्रे होता. "बाटली दारात ठेव की, दारात जागा आहे."

"वहिनी, हे काय आहे?"

वहिनींनी वाकून बघितलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर आलं ते ओशाळलेपण नव्हतं, कंटाळा होता. "ती डबी होय? ती तेवढी हलवू नकोस बाई, ओरडतात मला. मागच्या वेळी मी चुकून बर्फाच्या कप्प्यात ठेवली तर केवढं महाभारत!"

"मागच्या वेळी?"

"चालूच असतं की त्यांचं. गार केली म्हणजे गप बसतात. मग बाहेर काढून कुंडीत ठेवायची, बाल्कनीत ऊन आहे चांगलं. अंग तापलं की पंख उघडतात. तेवढ्यात काढायचा फोटो." त्या कप धुवायला लागल्या. "नंतर सोडतात हो. उडतात त्या उडतात."

"आणि उडत नाहीत त्या?"

नळाचं पाणी चालू होतं. "तू लहान आहेस अजून," वहिनी पाठमोऱ्याच म्हणाल्या. "मला तर लोण्याची काळजी. त्याच कप्प्यात लोणी, त्याच कप्प्यात किडे. सांगून सांगून जीभ झिजली माझी."

बाहेरून डॉक्टरांचा आवाज आला, "आईसाहेब कुठे आहेत? अहो, बोलवा त्यांना, त्यांनी तर हे बघायलाच हवं." तिने बाटली दारात ठेवली. डबी उचलली. वहिनी वळल्या, डबीकडे बघितलं, मग तिच्याकडे, आणि पुन्हा कप विसळायला लागल्या. नळ त्यांनी जरा मोठा सोडला.

बाहेर पडदे ओढून अंधार केला होता आणि भिंतीवर, सोफ्यापेक्षा मोठी, तिची निळी होती. पंख सपाट उघडलेले. ही निळाई तिने या फोटोआधी कधीच स्थिर बघितली नव्हती. मधोमध गडद, कडेला दुधाळ होत गेलेली, आणि टोकाला वरच्या अंगानेही शेंदरी कोर, इतकी स्वच्छ की आंधळ्यालाही दिसावी. क्षणभर, आणि याची चीड तिला नंतर सगळ्यात जास्त येणार होती, तिला नुसतं सुख झालं. आहे. कोर आहे. मला दिसली होती ती होती. मग आवाज कानावर यायला लागले. "या मोसमाचा शोध, मंडळी," डॉक्टर सांगत होते. "या भागात आजवर कुणी नोंदवलेली नाही. पोटावर पडून राहिलो सकाळ सकाळ. सबुरी! जागा मात्र विचारू नका. कुणालाही सांगणार नाही. ती बिचारी टिकली पाहिजे." टाळ्या झाल्या. घारवाले काका म्हणाले, "डॉक्टर, तुमच्यापुढे आम्ही म्हणजे दुधाचे दात," आणि हशा पिकला. डॉक्टर अंधारात तिच्याकडे वळले. "आईसाहेब, तुम्ही म्हणत होता ना कोर? बघा, कोर अशी असते."

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. शब्द सगळे एकदम दाराशी आले आणि दारातच अडकले, कारण तोंड उघडलं की पहिलं वाक्य जागेचंच येणार होतं. ही माझी, पंपघराच्या मागची, काटेरी पट्ट्यातली. ती माझी आहे हे सिद्ध करायचं तर जागा सांगायला हवी. जागा सांगितली तर पुढच्या रविवारी ही सगळी मोठ्या बुटांची, मोठ्या लेन्सांची माणसं त्या अंगणाएवढ्या पट्ट्यात पोटावर पडलेली असणार. डॉक्टरांना हे पुरतं ठाऊक होतं. तिचं तोंड त्यांनी तिच्याच मायेने बंद केलं होतं. इतक्या मऊ हाताने की सुई कळूसुद्धा नये.

ती टेबलापाशी गेली. प्रोजेक्टरच्या बाजूच्या जाळीतून गरम हवा येत होती. तिने डबी त्या हवेत ठेवली आणि झाकण काढलं. "हे तुमचं फ्रीजमध्ये राहिलं होतं, डॉक्टर," ती म्हणाली. आवाज तिचाच होता, पण दुसऱ्या खोलीतून येत असल्यासारखा.

कुणीतरी दिवा लावला. सगळे वाकले. डॉक्टर उभे राहिले, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू जागचं हललं नाही. नव्या कवळीसारखं ते घट्ट बसलं होतं. "अहो, नमुने आहेत ते. खात्रीसाठी ठेवावे लागतात. सोडणारच होतो आज."

"गार करून फोटो काढता तुम्ही. सगळे. तो पण." तिने भिंतीकडे बोट केलं. "सबुरी म्हणे! पाहुणे म्हणे! मी पहाटे उठून, तान्ह्याला घेऊन—" बाळ जागं झालं, त्याने डोकं वळवून दिव्याकडे बघितलं.

आता, असं तिला वाटलं. आता कुणीतरी बोलेल. घारवाले काकांनी घसा साफ केला. "बरोबर नाहीये हे, म्हणजे... पण डॉक्टरांचाही काही विचार असेल ना त्यामागे. आणि शेवटी कीटकच ते." कोपऱ्यातल्या बाई म्हणाल्या, "प्रश्न तत्त्वाचा आहे," आणि तत्त्व कुठलं ते सांगितलं नाही. आणि तेवढ्यात डबीत पहिल्या निळीने अंग थरथरवलं, कापसावरून दोन पावलं चालून ती डबीच्या कडेवर आली, आणि गरम हवेत तिने सावकाश, जणू एवढ्या माणसांत आपण एकट्याच आहोत अशा विश्वासाने, पंख उघडले.

"अरे!" कुणीतरी म्हणालं. आणि मग तिने जे बघितलं ते तिला आयुष्यभर विसरता येणार नव्हतं. सगळ्यांचे हात एकदम हलले. फोन आले, गळ्यातले कॅमेरे वर आले, घारवाले काका गुडघ्यावर बसले. "उजेड, उजेड, तो पडदा सरकवा!" "डोकं बाजूला घ्या हो!" तिने डबी उचलायला हात पुढे केला तेव्हा निळी तिच्या बोटावर चढली, आणि तत्त्ववाल्या बाई कळवळून ओरडल्या, "आईसाहेब, हलू नका! बोट तसंच धरा, प्लीज, तसंच!" खटाखट आवाज झाले. डॉक्टर बाजूला उभे राहून शांतपणे सांगत होते, "जरा खालून घ्या. पंखाच्या पातळीवर. हं, अस्सं." शिकवत होते. पुन्हा शिकवत होते!

तिने दुसऱ्या हाताचा खोलगट तळवा निळीवर धरला, तिला हळूच कापसावर उतरवलं, झाकण लावलं. "अहो, एक राहिला माझा," काका म्हणाले. ती पायात चपला घालत होती. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात आल्या होत्या. त्यांनी पुढे होऊन दुधाची बाटली तिच्या पिशवीत घातली आणि पिशवीची चेन लावली. डॉक्टर जिन्यापर्यंत आले. "तुम्ही दमलायत, आईसाहेब. मी समजू शकतो."

"मला दिसतं, डॉक्टर," ती म्हणाली. "मला नीट दिसतं."

बसमध्ये तिने डबी बाळ आणि आपण यांच्यामध्ये धरली. राग उतरत नव्हता. तो डॉक्टरांवर होता तोवर बरा होता, सोपा होता. पण खिडकीतून दुकानं मागे जात होती तसा तो पसरत चालला होता, गुडघ्यावर बसलेल्या काकांवर, नळ मोठा सोडणाऱ्या वहिनींवर, सोप्पं आहे म्हणणाऱ्या नवऱ्यावर, समजू शकतो म्हणणाऱ्या एकूण एक माणसावर. फोन पिशवीत घरघरत होता. शेवटी तिने काढून बघितला. मंडळींचे फोटो येत होते. पंख उघडलेली निळी, जवळून, आणखी जवळून, पाठोपाठ सगळ्यांची. खाली नाव. ओळख पटली. ओळख पटली. शोध: डॉक्टर. निळी तिच्या बोटावर बसली होती तेव्हाचेच फोटो होते बहुतेक, पण एकातही बोट नव्हतं. सगळ्यांनी ते कडेने नीट कापून टाकलं होतं. तिने स्वतःचं बोट बघितलं. त्यावर अजून त्या पायांची जागा समजत होती. बाळाने ते बोट धरलं आणि तोंडात घातलं.

कंडक्टर म्हणाला, "ताई, आता या वेळेला? परतीची गाडी चुकेल."

"नवरा येईल न्यायला," ती म्हणाली. नवऱ्याला तिने अजून काही कळवलं नव्हतं. मग उतरून तिने फोन लावला आणि म्हणाली, वीटभट्टीपाशी ये. तो म्हणाला, "काय झालं?" ती म्हणाली, "कोर होती. मी म्हणाले होते ना." पलीकडून तो म्हणाला, "निघतो." का, कशाला, असं काहीच विचारलं नाही त्याने, आणि त्या एका गोष्टीसाठी तिने रागातून त्याला तात्पुरतं वगळलं.

उतारावर ऊन तिरपं झालं होतं. काटेरी पट्ट्यातलं गवत एका बाजूला दाबलेलं होतं, माणसाने आडवं व्हावं इतकं लांब. डॉक्टर तिथेच पडले होते तर, निळ्या पकडायला. दगडावर बसून तिने डबी उघडली. पहिली निळी वाट बघत असल्यासारखी उठली आणि बोंडांवरून गेली सुद्धा. दुसरी कापसावरून बाळाच्या मोज्यावर आली. ऊन घ्यायला ती तिथे वळली, जरा इकडे, जरा तिकडे, पाठ सूर्याकडे येईपर्यंत. मग तिने पंख उघडले. सपाट. पूर्ण. वारा नव्हता, बाळही हलत नव्हतं, डोळे मोठे करून बघत होतं. कॅमेरा तिच्या गळ्यात होता. सबंध उन्हाळा जिच्यासाठी पहाटेच्या बस धरल्या ती बैठक समोर होती, आणि तिच्याकडे बघताना आता तिला पंखांआधी थंडी दिसत होती. शेकत होती ती. जीव गोळा करत होती. तिने कॅमेऱ्याला हात लावला नाही. बाळाने मात्र हात पुढे केला, सगळी बोटं पसरून, आणि एरवी ती तो हात धरून मागे घेते तसा तिने घेतला नाही. तो मोज्यापर्यंत पोचायच्या आत निळी उठली, झळकली, आणि गवतात मिटली. बाळ हसलं आणि रिकाम्या मोज्याकडे बघत राहिलं.

तिसरी कापसावर आडवी पडली होती. तिने तिला तळहातावर घेतलं. वजन नव्हतंच. गारठ्याने बाळाचे हात निळे पडत तेव्हा ती दोन्ही तळवे तोंडापाशी नेऊन जशी फुंकर घालायची, उघड्या तोंडाने, नुसती ऊब, तशी तिने घातली. मग थांबून बघितलं. एक पाय हलला की तिच्याच श्वासाने हलला, ते कळेना. विचारायला कुणी नव्हतं. तिने पुन्हा तळहात तोंडापाशी नेला. वीटभट्टीच्या धुराड्यावर अजून ऊन होतं, उताराच्या कडेला होतं, तिच्या मनगटापर्यंत होतं, आणि ते तिथे होतं तोवर ती फुंकर घालत राहणार होती.